बॅटरी उपाशी ठेवू नका

भोरच्या पश्चिमेला, हिरडस मावळाच्या बाजूला, भात निसवायला लागला की रात्रीची झोप रानडुकरांच्या हाती जाते. म्हणून आमच्याकडे बांधावर, कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं झटका मशीन आलं, मशीनसाठी बॅटरी आली आणि बॅटरीसाठी सोलर प्लेट. पाठोपाठ शेतावरच्या खोलीत दोन दिवे लागले, मोबाईल चार्ज व्हायला लागले. स्वतःच्या शेतावर आणि नंतर वाडीतल्या बऱ्याच घरी हे छोटे संच मी बसवत, दुरुस्त करत आलो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. लोक प्लेटकडे बघतात, कारण ती दिसते. संच बंद पडतो तो मात्र जवळजवळ नेहमी बॅटरीपायी, आणि बॅटरी मरते ती बहुतेक वेळा अर्धपोटी राहून. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

१. हिशेब रात्रीपासून सुरू करा

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘किती वॅटची प्लेट देऊ?’ त्याचं उत्तर आधी घरी, कागदावर काढायचं. आमच्यासारख्या शेतघराचा हिशेब असा. छोटं झटका मशीन साधारण पाव अँपिअर ओढतं. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, बारा तासांचे झाले ३ अँपिअर-तास. पाच-पाच वॅटचे दोन एलईडी दिवे पाच तास लावले तर ५० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून ४ अँपिअर-तासांहून थोडे जास्त. दोन मोबाईल धरा अडीच. एकूण झाले दहा. दहा अँपिअर-तास म्हणजे १२० वॅट-तास. घरचा मिक्सर काही मिनिटांत जेवढी वीज खातो तेवढ्यात ही रात्र निघते. पण ही सगळी वीज उद्याच्या उन्हातून परत भरायची असते, हे विसरायचं नाही.

आता बॅटरी. सलग तीन दिवस ऊन पडलं नाही तरी चालायला हवं, म्हणजे ३० अँपिअर-तास. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही हा नियम, म्हणजे ६० अँपिअर-तासांची बॅटरी. कागद एवढाच. तो न करता घेतलेले संच मी पावसाळ्यात बंद पडलेले पाहिले आहेत, मग प्लेट कितीही चांगली असो.

२. प्लेट आषाढ धरून घ्या

प्लेटवर लिहिलेले वॅट प्रयोगशाळेतले असतात. एका चौरस मीटरवर १००० वॅट ऊन आणि प्लेटचं स्वतःचं तापमान २५ अंश, असं धरून ते मोजतात. आपल्याकडे भर उन्हात प्लेट साठ अंशांच्या घरात जाते. त्यात धूळ, वायर, प्लेट आणि बॅटरीच्या मधला कंट्रोलर आणि बॅटरीत भरताना जाणारी वीज. छोट्या साध्या संचात छापील आकड्याच्या साठ टक्के हाती लागले तर समाधान मानावं.

मार्च-एप्रिलमध्ये पाच तास भरपूर ऊन धरलं तर ४० वॅटची प्लेट साठ टक्क्यांनी १२० वॅट-तास देते. वरचा हिशेब बरोबर जुळला, म्हणून दुकानदार ४० वॅट देतो आणि माणूस खूश होऊन घरी येतो. पण घाटमाथ्यावर जुलैत ढग बसले की दिवसभराचा उजेड मिळून अडीच-तीन तासांच्या उन्हाइतकाच भरतो, काही दिवस तर त्याहूनही कमी. मग ४० वॅटची प्लेट निम्मंच देते. रोज दहा काढायचे आणि पाच घालायचे. आठवड्याभरात बॅटरी बसते. १०० वॅटची प्लेट त्याच जुलैत दीडशे वॅट-तास देते आणि बॅटरी जिवंत राहते. प्लेटच्या किमती गेल्या काही वर्षांत एवढ्या उतरल्या आहेत की प्लेटवर काटकसर करून बॅटरी मारण्यात अर्थ नाही. पैसे कमी असतील तर एक दिवा कमी लावा, पण प्लेट मोठी घ्या.

३. दुकानात मोजपट्टी घेऊन जा

आजच्या चांगल्या प्लेटचा एक चौरस मीटर साधारण २०० वॅट देतो. म्हणजे १०० वॅटची प्लेट अर्ध्या चौरस मीटरच्या खाली असणं अवघड. बाजारात लेबलावर शंभर आणि अंगाने चाळीसची, अशा प्लेटा सर्रास विकल्या जातात. लांबी-रुंदी मोजा, गुणाकार करा. लेबल वाचण्याआधी मोजपट्टी लावायची सवय फार उपयोगी पडते.

४. वायर बारीक असेल तर बॅटरी कधीच भरत नाही

हा दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून यावर जरा थांबतो.

वाडीतल्या एका तात्यांची तक्रार होती, ‘लाईट रात्री नवालाच मान टाकते.’ प्लेट १०० वॅटची, बॅटरी नवीन. एप्रिलमध्ये भर दुपारी त्यांच्याकडे मल्टिमीटर घेऊन गेलो. प्लेट गोठ्याच्या पत्र्यावर, बॅटरी खोलीत, मध्ये दहा मीटर अंतर. पत्र्यावर चढून प्लेटच्या टोकाला मीटर लावला तर १५.३ व्होल्ट. खाली येऊन कंट्रोलरच्या टोकाला लावला तर १४. तात्या म्हणाले, ‘वायर नवी कोरी आहे रे.’ म्हटलं, ‘तात्या, वायर चांगलीच आहे, पण बारीक आहे.’ दीड एमएमची होती, घरातल्या बल्बला घालतात ती.

हिशेब साधा आहे. दीड एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे सुमारे १२ मिलीओहम. दहा मीटर जायचे आणि दहा यायचे, म्हणजे पाव ओहमच्या आसपास. १०० वॅटची प्लेट पाच-साडेपाच अँपिअर देते, त्यामुळे वाटेतच सव्वा-दीड व्होल्ट गळतो. २३० व्होल्टच्या घरगुती विजेत दीड व्होल्ट कुणाला कळतही नाही. इथे तो जीवघेणा ठरतो. शिशाची बॅटरी पूर्ण भरायला १४.४ व्होल्ट लागतात. प्लेट २५ अंशांना १८ व्होल्टवर काम करत असली तरी तापल्यावर साडेपंधरावर येते. त्यातून वायरने दीड खाल्ला की बॅटरीपर्यंत १४.४ कधी पोहोचतच नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्लेट उन्हात आणि बॅटरी रोज थोडी रिकामीच. उन्हाळ्यात, जेव्हा सगळ्यात जास्त मिळायला हवं, तेव्हाच हे होतं.

चार एमएमची वायर टाकली. तोच दहा मीटरचा पल्ला, पण गळती अर्ध्या व्होल्टवर आली. वायर बदलणं परवडत नसेल तर बॅटरी आणि कंट्रोलर प्लेटजवळ आणा आणि दिव्याची वायर लांब न्या. दिव्यातून करंट थोडा जातो, त्यामुळे गळतीही थोडी. कंट्रोलर मात्र कायम बॅटरीच्या शेजारीच हवा, नाहीतर त्याला बॅटरीचं खरं व्होल्टेज दिसत नाही आणि तो लवकर ‘भरली’ म्हणून हात आखडता घेतो. आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. ६० अँपिअर-तासांची बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर सोडते, वायर लाल होऊन पेटते, आणि शेजारी पेंढा असतो.

५. गाडीची बॅटरी संचाला लावू नका

जीपची किंवा ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आहेच, तीच लावू, असा विचार होतो. गाडीच्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ असतात, कारण तिला काही सेकंद प्रचंड करंट देऊन इंजिन फिरवायचं असतं आणि लगेच डायनामो तिला भरून काढतो. रोज रात्रभर हळूहळू उतरत जाणं हे तिचं काम नाही. अशा वापरात ती फार लवकर संपते. सोलरसाठी ट्यूब्युलर बॅटरी मिळते, जाड प्लेटांची, लेबलावर सी-१० लिहिलेली. म्हणजे दहा तासांत सावकाश रिकामी केली तर ती छापील क्षमता देते. महाग आणि जड असते. तरी तीच घ्या.

६. बॅटरी भरली का, हे दिव्यावरून ठरवू नका

दिवा लागला म्हणजे बॅटरी चांगली, हा समज सगळ्यात महाग पडतो. बॅटरी अर्धी असतानाही दिवा तसाच लागतो.

बॅटरी उतरते तेव्हा आतल्या दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट जमतं. लगेच भरली तर ते बारीक कण परत विरघळून जातात. दिवसेंदिवस अर्धी ठेवली तर त्यांचे मोठे, कडक स्फटिक होतात आणि ते परत फिरत नाहीत. तेवढी बॅटरी कायमची गेली. शेवटचे वीस टक्के भरायला तर फार वेळ लागतो. व्होल्टेज वर नेऊन काही तास तिथेच धरून ठेवावं लागतं. म्हणून दिवसभर चार्ज झालेली बॅटरीसुद्धा पूर्ण भरलेली असेलच असं नाही. माझा नियम असा: आठवड्यातून एकदा तरी तिला पोटभर मिळालं पाहिजे. पावसाळ्यात ऊन पडलेला दिवस दिसला की त्या रात्री दिवे बंद ठेवायचे, फक्त मशीन चालू. दुसऱ्या दिवशीही ऊन असेल तर बॅटरी काठोकाठ भरते.

तपासायची रीत सोपी. सकाळी, प्लेट आणि दिवे दोन्ही सोडून ठेवून, थोड्या वेळाने मीटर लावा. साधारण १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर तिला वाचवायची वेळ आली. याहून खरं सांगतो तो हायड्रोमीटर, काचेची नळी आणि रबरी फुगा असलेला. बूच काढून प्रत्येक घरातलं (सेलमधलं) अ‍ॅसिड वर ओढायचं आणि आकडा वाचायचा. भरलेल्या सोलर बॅटरीत तो कंपनीने लेबलावर दिलेल्या आकड्याइतका, बहुधा १.२४ च्या आसपास यायला हवा. सहा घरांपैकी पाच १.२४ आणि एक १.१५ दाखवत असेल तर ते एक घर सगळ्यांना ओढतंय. व्होल्टमीटर हे सांगत नाही, कारण तो सहा घरांची बेरीज दाखवतो.

पाणी घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. विहिरीचं नाही, उकळून गाळलेलं नाही, आरओचंही नाही. आरओच्या पाण्यातही क्षार शिल्लक असतात. पाणी बॅटरी चार्ज झाल्यानंतर भरा, आधी भरलं तर अ‍ॅसिड वर येऊन सांडतं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून बूच उघडताना बिडी-काडी जवळ नको. बॅटरीची पेटीही वरच्या बाजूला भोकं पाडलेली हवी.

फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते असं जुनी माणसं सांगतात. पूर्वीच्या बॅटऱ्यांची पेटी लाकडाची किंवा रबराची असायची तेव्हा ते खरं असेल. आताच्या प्लास्टिकच्या पेटीला फरशीचा काही त्रास नाही. पत्र्याच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवली तर मात्र आहे. मेमध्ये तिथे पन्नास अंशांवर जातं, आणि शिशाच्या बॅटरीला दर दहा अंश जास्त उष्णता म्हणजे आयुष्य साधारण निम्मं. खाली जमिनीलगत, सावलीत, वारा लागेल अशी ठेवा.

७. लिथियमला ही भूक लागू नाही

आता लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या आमच्याही बाजारात आल्या आहेत. चार घरांची, १२.८ व्होल्टची. वजन शिशाच्या मानाने बरंच कमी, पाणी घालायला नको, आणि अर्धी राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. पावसाळ्यात हे फार मोठं सुख आहे. दोन गोष्टी सांभाळा. कंट्रोलरवर लिथियमचं सेटिंग निवडा, शिशाचं ठेवलं तर तो मधूनमधून जास्त व्होल्टेज देऊन तिचं नुकसान करेल. आणि ती पूर्ण उतरली की आतलं सर्किट तिला बंद करून टाकतं. मग काही साधे कंट्रोलर तिला ओळखतच नाहीत आणि चार्जही करत नाहीत. नवीन बॅटरी खराब निघाली असं समजून लोक ती परत न्यायला निघतात. लिथियमच्या चार्जरने थोडी जागी केली की चालू होते. पैसे जवळ असतील तर मी आता हीच घ्यायला सांगतो.

८. आधी बॅटरी जोडा, मग प्लेट

कंट्रोलरला नेहमी आधी बॅटरी, मग प्लेट, मग दिवे. काढताना उलट. बॅटरीशिवाय प्लेट जोडली तर रिकामी असलेली ‘बारा व्होल्टची’ प्लेट एकवीस-बावीस व्होल्ट देते, आणि तेवढे कंट्रोलरमध्ये घुसले की तो किंवा दिवे जळतात. साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरला ३६ घरांची प्लेटच लावा. घराच्या छतावर बसवतात ती मोठी प्लेट त्याला लावली तर निम्म्याहून जास्त वीज वाया जाते. तिला एमपीपीटी कंट्रोलर लागतो.

९. डिसेंबरची सावली मेमध्ये दिसत नाही

प्लेट बहुतेक जण उन्हाळ्यात बसवतात. आमच्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते; जुलैअखेरीस पुन्हा तेच. त्या दिवसांत कुठेही ठेवली तरी प्लेट उन्हातच असते. डिसेंबरात मात्र सूर्य दुपारीही दक्षिणेला बराच खाली, क्षितिजापासून साधारण अट्ठेचाळीस अंशांवर असतो, आणि दक्षिणेच्या शेवग्याची सावली थेट प्लेटवर येते.

थोडीशी सावली म्हणजे थोडंसं नुकसान, असं नसतं. प्लेटमधली छत्तीस घरं एकामागून एक जोडलेली असतात, आणि एका घरावर पान पडलं की सगळ्यांचा करंट तिथे अडतो. चालू प्लेटच्या एकाच घरावर तळहात ठेवा आणि कंट्रोलरवरचा अँपिअरचा आकडा बघा. तो धाडकन खाली येतो. वाडीतल्या मुलांना मी हे करून दाखवतो. त्यांना एकदा दिसलं की कावळ्याची विष्ठा पुसायला पुन्हा सांगावं लागत नाही.

तोंड दक्षिणेला, कल वीस अंशांचा. मीटरभर लांबीच्या प्लेटची मागची बाजू ३४ सेंटिमीटर उचलली की तो मिळतो. दहा अंशांपेक्षा कमी कल ठेवू नका, पावसाने धुऊन निघत नाही. हाताने धुवायची तर सकाळी लवकर, काच थंड असताना, आणि बोअरचं क्षाराचं पाणी वाळू न देता पुसून घ्या.

१०. बारा व्होल्टचं काम बारावरच करा

दोन मोबाईल चार्ज करायला इन्व्हर्टर लावला तर तो काही न करता नुसता चालू राहूनही काही वॅट खातो. रात्रभरात त्याची भूक मोबाईलपेक्षा जास्त होते. गाडीत लावतात तसा १२ व्होल्टचा यूएसबी चार्जर घ्या. दिवेही १२ व्होल्टचे घ्या. आणि संच असा असावा की त्याचा फ्यूज, लग, दिवा गावातच बदलता येईल. आयआयटी मुंबईने शाळकरी मुलांसाठी सौर दिव्यांचा कार्यक्रम केला तेव्हा जोडणी आणि दुरुस्ती गावातल्याच लोकांना शिकवली, ती गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुरुस्तीसाठी तालुक्याला न्यावी लागणारी वस्तू बहुधा परत येतच नाही.

११. मशीन बंद पडलं तरी तारेत घरची वीज सोडू नका

झटका मशीन साधारण सेकंदाला एक झटका देतं. व्होल्टेज हजारोंत, पण प्रत्येक झटका सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरता. दोन झटक्यांच्या मधल्या वेळात जनावर किंवा माणूस मागे सरू शकतो. २३० व्होल्टची लाईन तारेत सोडली की मधे वेळच नसतो. स्नायू आखडतात, हात सुटत नाही, माणूस तिथेच मरतो. आपल्या राज्यात दर वर्षी अशा तारांनी माणसं मरतात. कधी शेजारचा शेतकरी, कधी घरातलंच पोर. मालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो.

हे या हिशेबात का लिहितो? कारण तारेत लाईन सोडण्याची बुद्धी होते ती बॅटरी बसलेल्या रात्री. पीक उभं असतं, डुकरं बांधावर आलेली असतात, मशीनचा दिवा बंद असतो. बॅटरी जपण्यामागे माझा एवढा आग्रह आहे तो पैशांपेक्षा या रात्रीसाठी. वाडीत एक भरलेली जादा बॅटरी सामाईक ठेवा. ज्याची बसेल त्याने न्यावी. तारेखालचं गवत कापून ठेवा, ओल्या गवतातून झटका जमिनीत उतरतो आणि मशीन फुकट राबतं. अर्थिंगच्या सळया नीट ठोका. नवीन कुंपण करायचं असेल तर वनविभागाची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, तिच्यातून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. गाव यादीत आहे का ते वनरक्षकाला विचारा.

१२. जुनी बॅटरी फोडू नका

बसलेली बॅटरी फोडून शिसं वितळवणारे अजून आहेत. त्या धुरातलं शिसं अंगणात, भांड्यांवर, लहान मुलांच्या रक्तात जातं आणि मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करतं. अ‍ॅसिड ओढ्यात ओतणंही तसंच. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि नवीन बॅटरी घेताना विक्रेता जुनी वजनावर घेतोच, कारण शिशाला चांगला भाव असतो. अ‍ॅसिडसकट, बूच लावून, उभी ठेवून न्या. अ‍ॅसिड ओतून नेली तर वजन कमी भरून पैसेही कमी मिळतात. जुनीचे पैसे नवीच्या बिलात वजा करून घ्या आणि बिलावर नव्या बॅटरीचा नंबर व तारीख लिहून घ्या, वॉरंटीला तेच लागतं.